मऊसाहेबांचं लग्न आणि कागदाचा कोरा अर्धा

मी रडले ती बाईंडिंगच्या दुकानात, भर दुपारी साडेबारा वाजता. आणि समोरच्या माणसानं आधी मला नाही, कागदांना वाचवलं.

“कागद... अहो, कागद भिजतील!” असं म्हणत त्यानं माझ्या हनुवटीखालचा गठ्ठा झटकन ओढून घेतला, वरच्या पानावर पडलेला थेंब टिपकागदानं टिपला, तो पसरला तर नाही ना हे उजेडात धरून पाहिलं. मग कुठे त्याच्या लक्षात आलं की थेंबामागे एक मुलगीसुद्धा आहे. त्यानं स्टूल पुढे सरकवलं आणि कापायचं मशीन बंद केलं.

“कोणी... गेलं का?”

मी मान हलवली. हातातला मोबाईल सारखा थरथरत होता.

“नाही. त्याचं लग्न झालं.”

 हातातला टिपकागद त्यानं विनाकारण चार घड्यांत दुमडला.

“तुम्हाला आधी सांगितलं नव्हतं त्यानं?”

“नाही ना! आत्ता कळलं. सगळ्यांबरोबरच.”

“किती वर्षं...?”

“आठ.”

“आठ वर्षं!” आता त्याचा चेहरा माझ्यापेक्षा रडवेला झाला. “भेटायचात?”

“तो जपानला असतो. मी रोज ऐकायचे फक्त. जेवणाच्या सुट्टीत.”

“आणि हे सगळं,” त्यानं गठ्ठ्यावर अलगद हात ठेवला, “त्याच्यासाठी?”

“वाढदिवस आहे त्याचा. दीड महिन्यानं.”

“तरी पाठवणार?”

“पाठवायला नको का?” मी नाक पुसत म्हटलं.

त्यानं माझ्याकडे अशा काही आदरानं पाहिलं, की मला एकदम बरं वाटलं. सारा घोळ तिथेच झाला. मी एक शब्द खोटा बोलले नव्हते, पण त्याच्या डोक्यात जी गोष्ट तयार झाली होती ती साफ खोटी होती. आणि मला ती मोडवेना.

आता खरं काय ते सांगून टाकते. ज्याचं लग्न झालं तो जपानी अ‍ॅनिमेमधला आवाजाचा कलाकार. चित्रातली माणसं तोंड हलवतात, त्यांच्यामागे बोलतो तो हा. त्याच्यासाठी जीव टाकणाऱ्या एकशेचाळीस जणांचा आमचा एक ऑनलाइन गट होता आणि गटात त्याला सगळे मऊसाहेब म्हणत, कारण त्याचा आवाज खरोखरच धुतलेल्या जुन्या चादरीसारखा मऊ होता. आम्ही त्याचा दर आठवड्याचा रेडिओ कार्यक्रम ऐकायचो, त्याच्या खोकल्याची काळजी करायचो, आणि दर वर्षी सगळ्यांची पत्रं एकत्र बांधून त्याच्या कंपनीच्या पत्त्यावर पाठवायचो. पत्रं आपल्या भाषेत लिहायची, दुभाषीनं ती जपानीत करायची, मी छापून बांधून आणायची. या दुकानात मात्र यंदा पहिल्यांदाच आले होते. दुभाषी म्हणजे गटातली माझी मैत्रीण. गेली सहा वर्षं भाषा शिकतेय, तीही मऊसाहेबांपायीच.

आणि गटात मला म्हणत ‘कान’. कारण कुठलाही तुकडा ऐकवा, गर्दीतला एखादा “हो” का असेना, तो कोणत्या कलाकाराचा हे मी दोन सेकंदांत सांगायचे. नोकरीही तशीच. एका मोठ्या हेल्पलाइनच्या तपासणी विभागात बसून मी दिवसभर रेकॉर्ड केलेले फोन ऐकते आणि बोलणाऱ्यांना गुण देते. सौजन्य दहापैकी किती, गती किती, स्पष्टता किती. माणूस दिसायच्या आधी मला त्याचे गुण दिसतात.

त्या दिवशी मऊसाहेबांनी चार ओळींचं निवेदन काढलं होतं. विवाहबद्ध झालो आहे, यापुढेही लोभ असावा. गटात हलकल्लोळ. दोघी गट सोडायला निघाल्या, एकीनं खोलीतली सगळी चित्रं उतरवली, एकानं अभिनंदनाचा फुगा टाकला आणि शिव्या खाल्ल्या. गट चालवणारी म्हणून मी काहीतरी शहाणपणाचं लिहायला हवं होतं. मी लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. मुळात मलाच कळत नव्हतं मी का रडले. मला त्याच्याशी लग्न करायचं होतं का? छे! त्याला ताप आला तर औषध द्यायला तरी जायचं होतं का? तेही नाही. मग गेलं काय माझं?

दुभाषी भाषांतर करेल तसतशी पत्रं यायची, म्हणून दर बुधवारी एक गठ्ठा घेऊन मी दुकानात जायचे. जेवणाची सुट्टी पाऊण तासाची. त्यातली दहा मिनिटं चालायला, पाच डबा खायला आणि उरलेली... उरलेली कशी जायची कोण जाणे. दुकान म्हणजे एक लांबट खोली. खिडकीपाशी कापायचं मशीन, भिंतीला पुस्तकं दाबून ठेवायचं लोखंडी यंत्र, त्यात कुणाकुणाचे प्रबंध माना टाकून पडलेले. खळ आणि नव्या कागदाचा वास. पाऊस त्याला अजिबात आवडायचा नाही. हवेत ओल असली की गोंद वाळत नाही, म्हणायचा.

“म्हणजे पुस्तक उशिरा होणार?” मी विचारायचे.

“घाई आहे?”

“नाही... तशी काही नाही.”

“मग होऊ दे उशीर,” तो खाली बघून म्हणायचा, आणि त्याचे कान लाल व्हायचे.

तो पुस्तक हातानं शिवत होता. मोठा कागद मधोमध दुमडायचा, घड्या एकात एक घालायच्या, मग पाठीतून दोरा. पहिल्याच आठवड्यात त्यानं मला एक कागद दुमडून दाखवला होता.

“हे बघा, कागद एक आणि पानं दोन. वाचणाऱ्याला वाटतं दोन्ही वेगळी. पण घडीत ती जोडलेलीच. एक ओढलं की दुसरं सुटणार.”

“बिचारी.”

“का? मला तर बरं वाटतं ते.”

आणि मग एकदम मशीनकडे वळला. त्याला वाटलं असावं, मला लागलं. माझ्यासमोर ‘जोडी’ हा शब्द तो गरम भांड्यासारखा टाळायचा. मऊसाहेबांचा विषय निघाला की आवाज उतरवून विचारायचा, “आता... फोन येतो का त्यांचा?”

“त्यांचा कार्यक्र... त्यांचं बोलणं असतं गुरुवारी.”

“लग्नानंतरही?”

“हो. नेहमीसारखंच.”

त्यानं हातातली सुई दोऱ्यासकट खाली ठेवली. “माणसाला काही वाटायला हवं,” तो पुटपुटला, आणि त्या दिवशीची घडी इतक्या जोरात दाबली की कागद फाटतो की काय असं वाटलं. मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं. सांगून टाक, मन म्हणायचं. काय सांगू? की मी ज्याच्यासाठी तुझ्या दुकानात रडले त्याला माझं नावही ठाऊक नाही? मग तो आदर गेला, स्टूल गेलं, बुधवार गेला.

त्याहून मोठा गोंधळ वेगळाच होता. मला त्याचा आवाज आठवायचा नाही.

म्हणजे तो आठवायचा. अंगठ्याच्या नखाभोवतीची गोंदाची साल आठवायची, दोरा दातांनी तोडतानाची मान आठवायची. मी छत्री विसरले की पुढच्या बुधवारी ती वाळवून, नीट गुंडाळून स्टुलापाशी उभी केलेली असायची. मला रस्त्यात हाक मारायची त्याची टाप नव्हती. हे सगळं आठवायचं. पण आवाज? कागदाच्या धुळीनं बसलेला, शब्दांची शेवटं गिळणारा... स्पष्टता दहापैकी चार. ऑफिसला परत येऊन हेडफोन चढवला की गायब. दोनशे कलाकारांचे आवाज झोपेत ओळखणारी मी, आणि ज्याच्यासाठी बुधवारची वाट बघायची त्याचा आवाज काही केल्या डोक्यात वाजत नव्हता. मग हे प्रेम नव्हेच, असं मी ठरवून टाकायचे. मला माणसं कानातून आवडतात, हे आठ वर्षं सिद्ध झालेलं होतं. गुरुवारी ठरवायचे आणि मंगळवारी केस धुवायचे.

“काय गं,” आई एकदा ताट वाढताना म्हणाली, “हल्ली जेवताना कानात ती बोंडं नसतात तुझ्या. बिघडलीत का?”

“नाही. अशीच.”

“मग तू बिघडलीस,” आई म्हणाली आणि माझ्या ताटात भात वाढून मोकळी झाली.

शेवटच्या बुधवारी मी माझं स्वतःचं पत्र नेलं. सगळ्यात उशिरा लिहिलं होतं, दहा वेळा खोडून. एकच मोठा कागद, डाव्या अर्ध्यावर माझं पत्र.

“उजवा अर्धा कोरा राहील,” तो म्हणाला.

“राहू दे.”

त्यानं कागदावरून तळवा फिरवला. जपानी अक्षरं उलटी धरली की सुलटी, हे त्याला कळणार नव्हतं. “हे शेवटचं ना? म्हणजे... यानंतर तुम्ही...”

“यानंतर पुस्तक जाईल,” मी म्हणाले. वास्तविक मला म्हणायचं होतं, यानंतर मी कशी येऊ? पण तो खळ ढवळायला लागला, आणि मी छत्री मुद्दाम विसरून निघाले. या वेळीही त्यानं हाक मारली नाही.

पुस्तक त्यानं बांधून, कागदात गुंडाळून थेट दुभाषीकडे पोचवलं. पाठवायचं काम तिचं. आणि तिची एक सवय मी त्याला सांगितलीच नव्हती. पाठवण्याआधी ती प्रत्येक पानाचा फोटो काढून गटावर टाकते, आठवण म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसात रेकॉर्ड केलेले फोन तपासत बसले होते. एक बाई विजेच्या बिलावरून भांडत होती. मोबाईल पाहिला तर गटावर तीनशे मेसेज. सगळ्यात वर एका पानाचा फोटो. आपली अक्षरं, निळी शाई, जरा डावीकडे कललेली.

“नमस्कार. तुमची माझी ओळख नाही. हे पुस्तक मी शिवलं. तुम्हाला ही भाषा येत नाही म्हणूनच लिहायचा धीर होतोय. लग्नाबद्दल अभिनंदन. पहिल्या दिवशी मला वाटलं, तुम्ही मूर्ख आहात. आता तसं वाटत नाही, कारण तुम्ही शहाणे असता तर त्या माझ्या दुकानात आल्याच नसत्या. एकच विनंती आहे. गुरुवारी त्यांच्याशी बोलणं आता थांबवा. तुमचा आवाज चांगला असणार, आठ वर्षं ऐकतात म्हणजे. माझा लहान आहे. तुम्ही जरा गप्प बसलात तर कदाचित त्यांना माझा ऐकू येईल.”

खाली हसण्याचा पूर आलेला. ‘हा मऊसाहेबांना गप्प बसायला सांगतोय!’ ‘कान, कोण हा?’ ‘याला वाटतंय मऊसाहेब तिला फोन करतात!!’ मधूनच कुणीतरी, ‘मला का रडू येतंय?’ विजेच्या बिलवाली बाई कानात ओरडत होती आणि मला एक अक्षर कळत नव्हतं. मी तिला आणि तिच्याशी बोलणाऱ्याला, दोघांनाही दहापैकी दहा देऊन टाकले.

दुभाषीला फोन लावला. “काढ तो फोटो. आत्ताच्या आत्ता!”

“काढला गं. पण... दोन-तीन ठिकाणी पुढे गेलाय,” ती ओशाळून म्हणाली. “मला वाटलं, तुला माहीत असेल. आणि ऐक, आज संध्याकाळी कुरिअर गेलं नाही तर वाढदिवस चुकेल. पुस्तक आणून देते, ते पान तेवढं काढून घे त्याच्याकडून.”

अर्ध्या दिवसाची रजा टाकून, पुस्तक पोटाशी धरून मी निघाले. पाऊस होता आणि छत्री त्याच्याकडे. वाटभर एकच भीती. माझ्या आधी कुणाचं हसणं त्याच्यापर्यंत पोचलं असलं तर?

पोचलं नव्हतं. पुस्तक पाहून त्याचा चेहराच उतरला.

“परत आलं?”

“पान काढायचंय. शेवटचं,” मी म्हणाले. “तुमचं.”

तो पांढराफटक पडला. मग लाल. मग मान खाली घालून त्यानं पुस्तक उघडलं आणि शेवटच्या घडीत बोट घातलं.

“नुसतं माझं नाही निघणार. ज्या कागदावर तुमचं पत्र आहे, त्याच्याच दुसऱ्या अर्ध्यावर लिहिलंय मी. काढायचं तर दोन्ही जातील.” तो घुटमळला. “मी मुद्दाम नाही... कोरा होता म्हणून... नाही, मुद्दामच. सॉरी. रागावलात?”

“तुम्ही रागवायला हवं,” मी म्हणाले. आणि स्टुलावर बसून, श्वास न घेता, सगळं सांगून टाकलं. अ‍ॅनिमे, मऊसाहेब, गट, एकशेचाळीस पत्रं, गुरुवारचा रेडिओ. त्याच्या पत्राला हसणारे लोक. तेही सांगितलं, कारण ते दुसऱ्या कुणाकडून कळू नये एवढ्यासाठीच मी भिजत आले होते.

त्यानं दोऱ्याची गुंडी उचलली आणि परत खाली ठेवली.

“म्हणजे तो माणूस...”

“मला ओळखतही नाही.”

“आणि मी महिनाभर त्याच्यावर चिडून होतो! रोज! त्याची काहीच चूक नाही?”

“काहीच नाही. माझी आहे. तुम्ही इतक्या मायेनं विचारत होतात, मला ते... हवंसं वाटलं. म्हणून बोलले नाही.”

“हे मात्र लागलं,” तो हळूच म्हणाला. “मी दर बुधवारी एक वाक्य तयार करून ठेवायचो. आणि मग वाटायचं, नको, आत्ताच तिचं मन मोडलंय. गिळून टाकायचो.”

 बाहेर पावसाची रिपरिप, आत खळीचा वास.

“ऐकवा,” तो म्हणाला.

“काय?”

“त्याचा आवाज.”

एक बोंड मी त्याच्या कानात दिलं, एक माझ्या. मला सगळ्यात आवडणारा तुकडा लावला. मऊसाहेबांच्या अगदी सुरुवातीचा, नावसुद्धा न छापलेला. मीच शोधून काढलेला. चित्रातला एक दुकानदार, एकच वाक्य. त्यानं डोळे मिटून ऐकलं.

“काय म्हणतोय?”

“‘छत्री विसरलात तुम्ही.’”

“एवढंच?”

“एवढंच.”

“आणि यासाठी आठ वर्षं...” तो म्हणाला, आणि त्याच्या ओठांचा कोपरा हलला. “चांगला आहे पण. खरंच मऊ आहे.” बोंड काढून त्यानं माझ्या तळहातावर ठेवलं. “माझ्यानं असं नाही होणार.”

“मला तुमचा आवाज आठवतच नाही,” मी बोलून गेले. “घरी गेले की जातो. खूप प्रयत्न करते. मला माणसं आवाजावरून आवडतात, आणि तुमचा काही केल्या आठवत नाही, आणि तरी मला बुधवारशिवाय काही सुचत नाही. हे कसं काय, मला समजत नाहीये! तुम्हीच सांगा काहीतरी!”

 मग खणातून छोटी सुरी काढून त्यानं माझ्यासमोर ठेवली, मूठ माझ्या बाजूला.

“कुरिअर किती वाजता?”

“सहा.”

“मग ठरवा. दोन्ही पानं जाऊ देत, की दोन्ही राहू देत.”

आठ वर्षांतलं माझं सगळ्यात खरं पत्र होतं ते. ते मऊसाहेबांपर्यंत पोचावं म्हणून मी रात्रंदिवस झुरले होते. मी सुरी घेतली आणि शेवटच्या घडीतला दोरा कापला. कागद अख्खाच्या अख्खा बाहेर आला, माझं अर्धं आणि त्याचं अर्धं, मधली घडी शाबूत. उरलेल्या एकशेएकोणचाळीस पत्रांचा दोरा त्यानं पुन्हा ओढून गाठ मारली.

“आता वाचून दाखवा,” मी म्हणाले. “तुमचं.”

“तुम्ही वाचलंय की!”

“डोळ्यांनी.”

तो उभा राहिला. घसा खाकरला. वाचलं त्यानं, आणि काय वाचलं! ना कुठे थांबा, ना चढउतार. ‘मूर्ख’पाशी अडखळला, ‘लहान’पाशी खोकला आला, आणि शेवटची ओळ तर निम्मी गिळूनच टाकली. आमच्या विभागात असता तर पहिल्याच दिवशी घरी पाठवला असता. माझ्या मात्र मानेवर काटा उभा राहिला.

“कसं झालं?” त्यानं विचारलं.

“चार,” मी म्हणाले. “दहापैकी.”

“चार!”

“पुढच्या बुधवारी परत परीक्षा.”

“बुधवारपर्यंत कशाला? उद्या ये ना...” तो म्हणाला, आणि ‘ये’ म्हटल्याचं लक्षात येऊन पुन्हा कानापर्यंत लाल झाला.

मी हसले. “येते,” म्हणाले. पुस्तक एका हातात, दुमडलेला कागद ओढणीत जपून, अशी पायऱ्या उतरून मी रस्त्याला लागले. पाऊस थांबल्यात जमा होता. स्कूटर, हॉर्न, फळवाल्याची हाळी, शाळा सुटलेली. मी चालत होते आणि डोक्यात काहीतरी घरघरत, खरखरत वाजत होतं. ‘कदाचित त्यांना माझा...’ मी थबकले. तोच होता! खोकल्यासकट, गिळलेल्या शब्दांसकट.

आणि तेवढ्यात मागून, त्या सगळ्या गोंगाटातून, पूर्ण ताकदीनं, भर रस्त्यात, कुणाची पर्वा न करता—

“अगं ए! छत्री विसरलीस!”

फळवाल्यानं मान वळवली. दोन शाळकरी मुली फिदीफिदी हसल्या. मला ओळखायला दोन सेकंदसुद्धा लागले नाहीत. तरी मी वळले नाही, तशीच उभी राहिले. मला अजून एकदा ऐकायचं होतं.